बाबांना दाढी नव्हती

प्रिय वाल्देमार,

‘माननीय अध्यक्ष’ असं लिहायला बसले होते. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ज्याच्या डोक्यातल्या उवा मी माझ्या हातांनी मारल्यात, त्याला माननीय कसलं म्हणायचं! तेव्हा प्रियच राहू दे. हा शब्द तुझ्यासाठी याआधी कधी वापरला होता ते आठवत नाही, पण लिहिला तो खोडला नाही, एवढं मात्र सांगते.

तुझा माणूस काल कॅफेत आला होता. जिल्ह्याचा, टाय लावलेला, आमच्या चढावरची धूळ बुटांवर बसली म्हणून हैराण झालेला. त्याने कॉफी मागवली, अर्धी टाकली आणि मग हळूच विषय काढला. शुक्रवारी दुपारी, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, तू धरणाच्या काठावर येणार. फार गर्दी नको, पण टीव्हीवाले असतील. माझ्या वडिलांच्या हाडांची पेटी तू स्वतः हातात घेणार, जुन्या गिरणीपासून वरच्या नव्या दफनभूमीपर्यंत चालत येणार आणि तिथे दोन शब्द बोलणार. मला म्हणाला, “ताई, तुम्हाला काहीच बोलायचं नाही. फक्त साहेबांच्या शेजारी उभं राहायचं.” मी म्हटलं, अरे भल्या माणसा, मी आयुष्यभर या काउंटरमागे उभीच आहे. त्याला तो होकार वाटला आणि तो घाईघाईने डायरी काढायला लागला. तेव्हा मी म्हटलं, थांब, हो की नाही ते मी तुझ्या साहेबालाच कळवते. तर हे कळवणं आहे. आता मी काही दोन ओळींत आटोपणारी बाई नव्हे, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा गाडीत बसशील तेव्हा वाच, आणि सोबतच्या लोकांना जरा पुढच्या गाडीत पाठव.

बाबा सापडले, हे तुला माझ्याकडून नाही, तुझ्या माणसांकडून कळलं. त्याचा राग धरू नकोस. ऑगस्टमध्येच सापडले, पण आधी पोलीस, मग सरकारी डॉक्टर, मग माझी थुंकी बाटलीत घेऊन तपासणी, असं करत करत परवा कुठे ते माझे बाबाच आहेत असं सरकारने मान्य केलं. मला तर बघताक्षणी कळलं होतं. गेल्या हिवाळ्यात पावसाने दगाच दिला ना. कोरड्या वर्षी धरणात बुडालेल्या आपल्या पेना रुइवाची वरची आळी पाण्याबाहेर येते, ते तू पाहिलं आहेस, त्या भिंतींसमोर उभं राहून तू फोटोही काढून घेतले आहेस. लोक जेवणाचे डबे घेऊन येतात, पोरं आपल्या चुलाण्यांत शिरून लपाछपी खेळतात. या वेळी मात्र पाणी उतरायचं थांबेचना. पूल वर आला. पुलापलीकडचं वळण आलं. आणि एके सकाळी गिरणी. बुडाल्यापासून ती कोणीच पाहिली नव्हती. शेळी चुकली म्हणून आपल्या गावचा अबिलिओ खाली उतरला होता. तो वर आला, टोपी काढून हातात धरली आणि दारूचा पेला मागितला. अबिलिओ, जो पोरीच्या लग्नातही लिंबूपाणी प्यायला! “झुल्मिरा,” म्हणाला, “दुकान बंद कर आणि चल.” काय सापडलं ते मी विचारलंच नाही. एप्रन काढायचंही सुचलं नाही, तशीच त्याच्यामागून उतरले.

तिथे काय पाहिलं ते सांगते, पण थोडं थांब. आधी मला तुझ्याशी दाढीबद्दल बोलायचं आहे.

बाबांना दाढी नव्हती, वाल्देमार. तुला हे माहीत आहे. गिरणीवाल्याने दाढी ठेवली तर तिच्यात पीठ बसतं आणि घरी बायको ओरडते. रोज सकाळी चक्कीचं पाणी सोडायच्या आधी ते दाराच्या चौकटीला आरसा टांगून घोटून दाढी करायचे आणि हनुवटीवर कापून घ्यायचे. तुझ्या पहिल्या भाषणात तेही होतं. ‘हनुवटीवर रक्ताचा ठिपका असलेला म्हातारा,’ असं तू म्हणाला होतास, आणि मी खाली बसून रडले होते, कारण ते खरं होतं. पुढच्या निवडणुकीत तो ठिपका गेला. त्याच्या पुढच्या वेळी बाबा उंच झाले. मग तू संसदेत गेलास, पक्षाचा प्रवक्ता झालास, आणि बाबा टीव्हीवर वाक्यं बोलायला लागले. ‘पाणी माझं घर नेईल, माझा शब्द नेणार नाही.’ हे कधी म्हणाले ते? माझ्या बापाने जन्मात एवढं लांब वाक्य उच्चारलं नाही. ते बोलायचे ते ‘हं’ आणि ‘बघू’. ज्या वर्षी अधिवेशनात तुला अध्यक्ष केलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं, त्या वर्षी बाबांना पांढरीशुभ्र दाढी आली. बेर्नार्दिना मावशी तेव्हा कॅफेत सूप पीत बसल्या होत्या. चमचा तसाच हवेत. म्हणाल्या, “हा कोणाबद्दल बोलतोय गं? बायबलातल्या मोझेसबद्दल?” सगळे हसले. मीही हसले. पेले विसळायला आत गेले आणि नळ मोठा सोडून उभी राहिले.

तुला यात गंमत वाटेल, पण त्यानंतर बाबा माझ्या स्वप्नात दाढी घेऊनच यायला लागले. आधी ते नुसते यायचे. गिरणीच्या दारात उभे, अंगावर पीठ, मला ‘मीठ संपलंय’ एवढं सांगायचे आणि जायचे. मला त्याची सवय झाली होती, सकाळी उठून मी मिठाचा डबा बघायचे. आता एक परका, उंच, दाढीवाला माणूस यायला लागला. हात पसरून उभा राहायचा आणि तुझ्या आवाजात बोलायचा. मी त्याला म्हणायचे, अहो, बाजूला व्हा, मागे माझे बाबा आहेत. तो हलायचा नाही. जागी झाले की डोळे मिटून बाबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायचे आणि दाढीच आठवायची. आमच्याकडे त्यांचा धड एक फोटो नाही, लग्नातला आहे त्यात ते कोणाच्या तरी टोपीमागे गेलेत. मेलेला बाप एकदा गेला तो गेला, पण तू तर तो दर निवडणुकीला थोडा थोडा करून नेलास. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं कोणाला? तुझ्या कार्यालयात फोन केला तर एक मुलगी गोड आवाजात विषय काय म्हणून विचारते. विषय काय सांगू? दाढी?

वारा दक्षिणेचा असला की गिरणी ऐकू येते असं इथले लोक म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दूध तापवत होते. खालून, पाण्याच्या पोटातून, जात्याची घरघर. घाबरले नाही. मला वाटलं, चला, काम चालू आहे. बेर्नार्दिना मावशी आल्या की पहिलं तेच विचारायच्या, “सेराफिमची चालू आहे का आज?” जशी काही बाबांची गिरणी पलीकडच्या गल्लीतच असावी. नव्या गावातली पोरं आम्हा म्हाताऱ्यांना हसतात. हसोत बापडी. त्यांच्या पायाखाली गाव नाही, आमच्या आहे.

तू आमचा कोण होतास, ते ही पोरं मला विचारतात. मी सांगते, मोच्याचा मुलगा, आणि कोइंब्राच्या विद्यापीठात जाऊन वकील झालेला आपल्या गावचा पहिला माणूस. तू पदवी घेऊन, तिथल्या विद्यार्थ्यांची ती काळी झूल अंगावर टाकून सुट्टीत आलास तेव्हा तुझ्या आईने ती झूल शेजारपाजारच्या बायकांना हात लावून बघू दिली होती. तू जिल्ह्याच्या गावी चपलांच्या दुकानावर एक खोली घेतलीस, दारावर पितळी पाटी लावलीस, आणि पहिला खटला चालवलास तो शेजारच्या गावाने आपल्या कुरणात गुरं घातली त्याचा. जिंकलास. आपल्या सभेत शिंग फुंकून सगळ्यांना बोलावलं होतं, आठवतं? प्रत्येक चुलीमागे एक माणूस, प्रत्येक चुलीला एक मत, आपली जुनी रीत. त्या सभेत तुला स्वतःची चूल नसताना बोलू दिलं होतं, आणि ते बाबांनी सांगितलं म्हणून. बाबा त्या सहामाहीचे पंच होते. “बोलू द्या पोराला,” म्हणाले, “शिकलाय तर कामी येऊ दे.” हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. तू त्या दिवशी जसा बोललास ना, तसा पुन्हा कधी बोलला नाहीस. अडखळलास, घाम पुसलास, आणि मुद्द्याचं बोललास. मी दाराशी उभी होते. तुझ्याबद्दल मी मनाशी तिथेच ठरवलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

मग धरण आलं. तुझ्या मोठेपणाला मी कधी नाही म्हणणार नाही, तू त्या खटल्यासाठी हाडाची काडं केलीस. पाठीशी कोणी नसताना सरकारी वकिलांच्या फौजेसमोर एकटा उभा राहायचास, काळ्या झग्याच्या बाह्या सारख्या वर सारत. गाव ही काही कायद्याने व्यक्ती नाही, गावाला फिर्याद करता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाला, तेव्हा तू म्हणालास की साहेब, मग आम्ही इतकी शतकं शिंग फुंकून कोणाला बोलावत होतो? ते वर्तमानपत्रात आलं. तुझं नाव पहिल्यांदा लिस्बनपर्यंत पोचलं ते तेव्हा. खालच्या कोर्टात हरलास, वर गेलास. आणि मग तो मुद्दा काढलास. जोपर्यंत गावात एक चूल पेटती आहे तोपर्यंत गाव वसलेलं आहे, आणि वसलेल्या गावावर धरणाचे दरवाजे बंद करता येत नाहीत. हा कायदा होता की तुझ्या जिभेची करामत, मला अजूनही माहीत नाही. पण आपल्या लोकांना तो ताबडतोब पटला. आपल्याकडे घर म्हणजे चूलच ना. माणसं किती ते आपण कधी मोजलंच नाही, चुली मोजल्या. शहरातल्या कोणत्याही शहाण्याने विचारलं असतं की अहो वकीलसाहेब, धरणवाले चुली कशाला बघतील? पेना रुइवात कोणी विचारलं नाही.

सगळे एकेक करून वर नव्या गावात गेले. आईची छाती भरलेली, तिला ओलीत ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिला घेऊन वर आले. बाबा राहिले. तू त्यांच्यासमोर गिरणीत पोत्यावर बसला होतास आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणालास, “सेराफिमकाका, वरच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत एकच करा, चूल विझू देऊ नका. निकाल काहीही लागो, मी स्वतः येऊन सांगेन. मी येईपर्यंत हलू नका.” बाबा म्हणाले, “हं.” मी भाकऱ्या थापत होते, मक्याचं पीठ कोपरापर्यंत. तुझा तो शब्द मी माझ्या कानांनी ऐकला आहे. टेलिफोनची तार तेव्हा आधीच काढून नेली होती, त्यामुळे कोणीतरी येऊनच सांगणार, हे ठरलेलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी मी नव्या घराच्या गॅलरीत उभी राहून खाली बघायचे. गिरणीचं धुराडं आणि त्यातून धूर. आई आतून विचारायची, “आहे का?” मी म्हणायचे, आहे. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. डोंगरात पाऊस लागला तेव्हाही धूर होता. दरवाजे बंद झाले हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही ते पाण्यावरून ओळखलं. अबिलिओ आणि आणखी दोघे दोर घेऊन खाली धावले, पण पुलापर्यंतच पोचले, तिथून पुढे नदी उलट्या दिशेने त्यांच्याकडे येत होती. दुसऱ्या दिवशी धूर नव्हता. गिरणीही नव्हती. आईने विचारलं, “आहे का?” आणि मी म्हटलं, आहे. ती जाईपर्यंत मी आहे म्हणत राहिले. खोटं बोलले, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पाणबुडे आले, काही सापडलं नाही. मग लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सेराफिम फ्रान्सला पळाला, तिथे त्याची दुसरी बाई होती, इथपर्यंत बोलून झालं. मी रिकाम्या थडग्यावर नाव कोरून घेतलं आणि तरीही दारात बूट वाजले की वर बघायचे. कॅफेवाल्या बाईच्या दारात दिवसभर बूट वाजतात, वाल्देमार. विचार कर.

तू आलास तो बाबांच्या नावाने प्रार्थना ठेवली त्या दिवशी, काळा टाय लावून, आणि तोवर तू उमेदवार झालेला होतास. माझा हात धरलास. चर्चच्या पायऱ्यांवर लोक जमले आणि तू बोललास, तो हनुवटीवरचा ठिपका वगैरे. खूप सुंदर बोललास. मग मला बाजूला घेऊन म्हणालास, “निवडणूक होऊ दे, मग आपलं बघू.” मी हो म्हटलं. निवडणूक झाली. मग दुसरी निवडणूक आली. तुझं लग्न झाल्याचं मी मासिकात वाचलं, सलूनमध्ये डोक्याला रोलर लावलेले असताना, त्यामुळे उठून जाताही येईना. आता ते सोड. ते जुनं दुखणं आहे, हवा बदलली तरी दुखत नाही. मी त्याबद्दल लिहीत नाहीये.

मी लिहीत आहे ते त्या मुलाखतीबद्दल. गेल्या वेळी तू थोडक्यात हरलास, त्याआधीची. त्या बाईने तुला विचारलं, वकिली सोडून राजकारणात यायचं कधी ठरवलंत? आणि तू खुर्चीत रेललास, चष्मा काढलास आणि सांगितलंस. वरच्या कोर्टाचा निकाल विरोधात लागला, कोर्टाच्या पायऱ्यांवरच तुला पक्षाच्या जुन्या नेत्यांचा निरोप मिळाला की आज यादी ठरतेय, आजच ये. आणि तू त्याच संध्याकाळची गाडी पकडलीस. लिस्बनची. ‘त्या गाडीत बसलो आणि मागे वळून पाहिलं नाही,’ असं म्हणालास. किती रुबाबदार वाक्य! मी कपबश्या पुसत होते. कॅफे भरलेला होता. निकाल कधी लागला ते मला माहीत होतं, पाणी कधी आलं तेही. त्या दोन्हींच्या मध्ये रात्रही होती आणि पूर्ण दिवसही. मोटार घेऊन आपल्या गावी यायला तुला एका जेवणाला लागतो तेवढाच वेळ लागला असता. मी इकडे तिकडे बघितलं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फक्त बेर्नार्दिना मावशींनी चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बिल आण गं.” त्यांनी जन्मात माझ्याकडे बिल मागितलेलं नाही. त्यांना बाहेर जायचं होतं, एवढंच.

मी कोणाला काही बोलले नाही. पोर्तोहून एक पत्रकार बाई आली होती, समोरच्या पक्षाचेही लोक येऊन गेले, वकीलसाहेबांबद्दल काही आठवणी सांगा म्हणाले. मी म्हटलं, कॉफी घ्या, गरम आहे. तुला वाचवायला नाही. बाबांचं मरण आणखी एका पक्षाच्या हातात कशाला द्यायचं? आणि खरं सांगू का, मला वाटायचं की बाबांनी स्वतःच ठरवलं असेल. तू भाषणांत रंगवतोस तसं, शब्द राखून गिरणीतच बसून राहायचं. खुर्चीत बसले असतील, डोळे मिटले असतील, येऊ दे म्हणाले असतील. तुझ्या गोष्टीत मलाही एक आसरा होता. मग तू आलास काय, न आलास काय, त्यांनी ठरवलेलंच होतं. इतकी वर्षं मी तुला त्या खुर्चीमुळे माफ करत आले.

आता ऐक, मी काय पाहिलं. ते गिरणीत नव्हते. गिरणीच्या वर, पुलाकडे चढणाऱ्या त्या दगडी पायऱ्या आहेत ना, अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कडा, त्यांच्या जवळजवळ वरच्या टोकाला होते. भिंत अंगावर कोसळली होती, म्हणून वाहून गेले नाहीत. पायात रविवारचे बूट होते. गिरणीची किल्ली कोटाच्या चिंध्यांत होती, म्हणजे दार लावून निघाले होते. ते निघाले होते, वाल्देमार! त्यांना यायचं होतं. आमच्याकडे, वर, जेवायला. जगायला. कसली खुर्ची आणि कसला शब्द! माणूस भिजत्या पायऱ्या चढत होता. आणि त्यांच्या उजव्या हाताच्या हाडांपाशी आईचं लोखंडी भांडं होतं, झाकण तारेने घट्ट बांधलेलं. अबिलिओने तार तोडली. आत राखेचा काळा चिखल. मी बघत राहिले आणि अबिलिओच म्हणाला, “विस्तव आहे गं. विस्तव घेऊन निघाला होता.”

चूल विझू देऊ नका, असं वकिलाने सांगितलं होतं. वकील तर आला नाही. गिरणीत पाणी शिरलं, तेव्हा त्यांनी चूलच उचलली. वरच्या एखाद्या घरात नेऊन पुन्हा पेटवणार असतील, म्हणजे गाव वसलेलं राहील, म्हणजे तुझा खटला उभा राहील. त्या पायऱ्या दोन्ही हातांनी भिंतीला धरून चढायच्या असतात, तू आणि मी लहानपणी तशाच चढायचो. त्यांचा एक हात तुझ्या खटल्यात अडकलेला होता. आणि खटला तर आधीच हरलेला होता, हे त्या वेळी फक्त तुला ठाऊक होतं. तू लिस्बनला पोचला होतास.

त्या दिवशी खाली गाळात बसून मी काय केलं सांगू? त्यांच्या जबड्यावरचा गाळ बोटाने पुसला. आणि मला चेहरा आठवला. अख्खा. नाक, कान, हनुवटी, सगळं. इतक्या वर्षांनी. मी इतकी जोरात रडले की अबिलिओची हरवलेली शेळी कुठूनतरी ओरडायला लागली. त्यानंतर तो दाढीवाला माझ्या स्वप्नात आलेला नाही. गिरणीही बंद आहे. वारा दक्षिणेचा असला तरी.

आता तुझ्या माणसाला द्यायचं उत्तर. शुक्रवारी नाही. मी बाबांना शनिवारी सकाळी पुरणार आहे. हा दिवस पाद्रीने नाही, मी निवडला, आणि मुद्दाम निवडला. मतदानाच्या आदल्या दिवशी या देशात कायद्याने प्रत्येक पुढाऱ्याला तोंड बंद ठेवावं लागतं. झेंडा नाही, सभा नाही, मतं मागायची नाहीत, टीव्हीवाल्यांनी तुमच्यामागे फिरायचं नाही. लोकांनी शांतपणे विचार करायचा दिवस. तू वकील आहेस, हा कायदा तुला मी शिकवायला नको. वर्षात तेवढा एकच दिवस मिळाला जेव्हा तू माझ्या बापाजवळ येऊ शकतोस आणि त्यांच्याबद्दल बोलू शकत नाहीस, म्हणून तो धरला. पाद्री म्हणाला की हाडांना लहान पेटी पुरते, एक जण काखेत घेऊन जाईल. मी नाही म्हटलं. पूर्ण लांबीची शवपेटी सांगितली आहे, भक्कम लाकडाची, आणि तिला चार खांदे लागतात. पेना रुइवात जन्मलेले, धड खांद्याचे पुरुष इथे तीनच उरलेत, अबिलिओ धरून. चौथा तू. गाडी खाली पुलापाशी ठेव आणि पायी वर ये, एकटा. कोणाशी काही बोलू नकोस. माझी माफी मागू नकोस, ती तू फार सुंदर मागशील. फक्त त्यांना उचल आणि खाली ठेवेपर्यंत गप्प राहा. रविवारी लोकांनी तुला निवडून दिलं तर देऊ देत, मी आड येणार नाही, कदाचित मतही देईन. सोमवारपासून तुला हव्या त्या विषयावर बोल, पण त्यांच्याबद्दल पुन्हा कधी बोलू नकोस. आणि शनिवारी आला नाहीस तरी थांबणार नाही. आमच्या घरात एकदा तुझी वाट पाहून झाली आहे. चौथा खांदा मी देईन.

सेराफिम गिरणीवाल्याची मुलगी,
झुल्मिरा